खिसा असलेली महापाल

ओरडू नका, मित्रांनो! तो झाडू आधी खाली ठेवा बघू. मी पाल आहे हे कबूल, पण तुमच्या ट्यूबलाइटमागे लपून किडे खाणारी पाल वेगळी आणि मी वेगळी. मी सिनेमातली पाल आहे. जुनी आहे, फोमची आहे, पाठीला चेन आहे, आणि एके काळी मी एक अख्खं धरण फोडलेलं आहे. हो, मीच! आता माझ्या गुडघ्यांना ठिगळं आहेत, डावा डोळाही जरा आत गेलाय. तरीसुद्धा अचानक समोर आले की अजून माणसं किंचाळतात, आणि ते ऐकलं की मला फार बरं वाटतं.

माझा जन्म पडदे शिवण्याच्या दुकानात झाला. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली ती. एका भिंतीला कापडाचे तागे, मधोमध मोठं टेबल, खिडकीपाशी पायानं चालवायचं शिलाई मशीन आणि त्या मशीनवर माझी आई. म्हणजे जिनं मला शिवलं ती बाई. मी तिला आईच म्हणते. गल्लीत सगळे तिला पडदेवाली ताई म्हणायचे. पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं असलं सगळं ती शिवायची, आणि तिला एक खोड होती. तिच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक वस्तूला खिसा असायचाच. एप्रनला खिसा लावला तर समजू शकतो हो! पण ही बाई उशीच्या अभ्र्याला खिसा लावायची, चष्मा ठेवायला. पडद्याला आतून खिसा, किल्ल्या ठेवायला. एकदा एकानं छत्रीचं कापड बदलायला दिलं, तर त्या छत्रीलाही खिसा! गिऱ्हाइकं हसायची आणि पुढच्या वेळी आपण होऊन विचारायची, "ताई, खिसा लावलात ना?" माणसाला काहीतरी ठेवायला जागा हवीच, असं तिचं म्हणणं होतं.

आईला एक धाकटा भाऊ होता. म्हणजे नात्यानं माझा मामा. लग्नात फोटो काढून पोट भरायचा, पण डोक्यात चोवीस तास सिनेमा. एक दिवस तो धावतच दुकानात आला आणि तागे बाजूला सारून टेबलावरच बसला.

"ताई, सांग बरं, माणसं सगळ्यात जास्त कशाला घाबरतात?"

"वाघाला," आई म्हणाली.

"वाघ कोणाच्या घरात येतो गं? पालीला घाबरतात, पालीला! आणि ती पाल चार मजली असली तर?"

"अरे, नाव नको काढूस!" आईनं पाय वर घेतले, कारण ती स्वतः पालीला भयंकर भ्यायची.

"बघ! तुझी ही अवस्था, मग थिएटरात काय होईल? लोक पळत सुटले पाहिजेत, ताई! चपला आतच राहिल्या पाहिजेत!"

सिनेमाचं नाव त्यानं ठरवूनच टाकलं होतं, 'महाप्रलयाची पाल'. गोष्ट ऐका, अंगावर काटा येईल. एक शास्त्रज्ञ चुकीचं औषध मोरीत ओततो. मोरीतली पाल ते पिते. ती वाढते, वाढते, वाढतच जाते! मोरी फोडते, घर फोडते, एक बस गिळते, शहराबाहेरच्या धरणावर चढते, तिच्या वजनानं धरण फुटतं आणि सगळं शहर पाण्याखाली. शेवटी एका क्रेनला इमारतीएवढा झाडू बांधतात आणि तिला हाकलतात. असली गोष्ट कोणाला सुचली असती, सांगा!

पैसा म्हणाल तर नव्हताच. होती ती मामाची हौस आणि आईचे हात. कोणीतरी टाकून दिलेल्या सोफ्यातला फोम काढून तिनं माझं अंग केलं. त्यावर पडद्यांचं उरलेलं हिरवं अस्तर चढवलं. त्या अस्तरावर बारीक पिवळी फुलं होती, म्हणून तिनं कापड उलटं लावलं. तरी दिव्यात ती फुलं दिसतातच. पांढरी प्लास्टिकची बादली कापून दात केले. सायकलचे दोन दिवे झाले डोळे. गादीच्या कव्हराची लांबलचक चेन पाठीला लागली. पालीला भिणारी ती बाई माझ्या मानेत हात घालून फोम ठासून भरत होती आणि "गप बस, हलू नकोस," असं मलाच दटावत होती. तिची भीती कुठल्या कुठे पळाली होती.

मी तयार झाले. आईनं मला टेबलावर उताणं केलं, चारी बाजूंनी निरखलं, आणि तिला काहीतरी राहिल्यासारखं वाटलं. हात आपोआप कात्रीकडे गेला. माझ्या पोटाच्या उजव्या बाजूला तिनं एक खिसा शिवला. दुहेरी शिवण, कोपरे पक्के, माझा पंजा सहज जाईल एवढं तोंड. मामा मला न्यायला आला तेव्हा त्याच्या कपाळावर आठी पडली.

"हे काय, ताई?"

"खिसा."

"अगं, पालीला?"

"आत माणूस असणार ना? त्याला नको का काही ठेवायला?"

मामाला घाई होती. त्यानं मला खांद्यावर टाकलं आणि निघाला.

मग सुरू झालं शूटिंग! मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस. माझ्या आत शिरायचा आमच्या भागातला पोस्टमन. उंच, काटक, आणि दिवसभर चालून पाय लोखंडासारखे झालेले. एका रिकाम्या गोदामात मामानं शहर उभं केलं होतं. बुटांच्या खोक्यांच्या इमारती, त्यांना रंगवलेल्या खिडक्या, खेळण्यातल्या मोटारी. एका इमारतीवर बुटाचा नंबर पुसायचा राहून गेला, त्यामुळे सिनेमाभर तिच्यावर मोठ्ठा आठ दिसतो. एकदा मी रस्त्यावरून डौलात चालले होते, तेवढ्यात गोदामातली मांजर दोन इमारतींच्या मधून आली, थांबली, अंग चाटलं आणि निघून गेली. सिनेमात ती मांजर तीन मजली दिसते! आणि तिच्याकडे शहरातला एकही माणूस ढुंकून बघत नाही.

पळणारे लोक म्हणजे आमचेच शेजारी आणि नातेवाईक. आधी डावीकडून उजवीकडे पळायचे, मग टोप्या-शाली बदलून उजवीकडून डावीकडे. त्यांत एक जाडजूड काकू होत्या, त्या पळताना खदखदून हसायच्या. मामा ओरडायचा, "काकू, घाबरा! मागे पाल आहे!" तर त्या म्हणायच्या, "अरे, घाबरलेच आहे मी, माझं तोंडच असं आहे!" माझी डरकाळी मात्र खरीखुरी होती. लोखंडी कपाट फरशीवरून ओढलं की जो आवाज येतो ना, ती माझी डरकाळी. मला तर स्वतःचीच भीती वाटायची.

आई रोज यायची. माझं काही उसवलं की लगेच टाका घालायची आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून भावाकडे बघत राहायची. येईल त्याला सांगायची, "माझा भाऊ सिनेमा काढतोय." माझ्याबद्दल मात्र चकार शब्द नाही, पण पोस्टमननं मला जमिनीवर टाकलं तर ती त्याच्यावर खेकसायची.

आणि मग उजाडला धरणाचा दिवस. मामानं कितीतरी दिवस खपून थर्माकोलचं धरण बांधलं होतं. मागे पाण्याची मोठी टाकी. दोरी ओढली की धरण फुटणार आणि पाणी शहरात शिरणार. हे एकदाच होणार होतं. दुसरं धरण बांधायची कोणाची ताकद नव्हती आणि कॅमेऱ्यातली रीळही संपत आली होती. मामा कॅमेऱ्याला डोळा लावून ओरडला, "हात वर! डरकाळी! ओढा दोरी!"

धरण फुटलं! काय पाणी, काय आवाज, काय ती खोक्यांची पडापड! मी दोन्ही हात वर करून उभी होते. वरून दिव्यांचा रखरखाट, आत पोस्टमनची पार आंघोळ झालेली. आणि त्या भरात पोस्टमननं काय केलं असेल? उन्हातान्हात पत्रं वाटणारा माणूस तो, घाम आला की खिशातून रुमाल काढायची त्याच्या हाताला सवय. त्यानं माझा पंजा खाली घेतला, खिशात घातला, निळ्या काठाचा पांढरा रुमाल काढला आणि कपाळ पुसलं. माझं हो! स्वतःचं कपाळ आत राहिलं आणि त्यानं माझं फोमचं कपाळ शांतपणे पुसलं, रुमालाची नीट घडी घातली, परत खिशात ठेवली, आणि मग पुन्हा हात वर करून डरकाळीचा आव आणला.

कोणाच्याच लक्षात आलं नाही. सगळे धरणाकडे बघत होते. रीळ धुऊन आली तेव्हा मामानं डोक्याला हात लावला. पण करणार काय? धरण वाहून गेलेलं. "एवढ्या गडबडीत कोण बघतंय?" असं म्हणत त्यानं तो प्रसंग तसाच ठेवला.

पहिल्या खेळाला मला पडद्याशेजारी उभं केलं होतं, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे मला दिसत होते. आई पुढच्या रांगेत नव्या कपड्यांत बसली होती. मामा मागे भिंतीला टेकून उभा. सुरुवात तर अशी रंगली म्हणता! मी मोरीतून डोकं काढलं आणि बायका किंचाळल्या. मी बस गिळली आणि पोरं आयांना बिलगली. आई वळून वळून लोकांकडे बघत होती आणि तिचा चेहरा फुलत चालला होता. मग मी धरणावर चढले. थिएटरात चिडीचूप. धरण फुटलं. मी हात वर केले, हात खाली घेतला, खिशातून रुमाल काढला...

आधी कुठूनतरी एक खुसखुस आली. मग दोघं हसले. आणि बघता बघता अख्खं थिएटर हसायला लागलं. मांडीवर थापा मारून, खुर्च्यांवरून घसरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत लोक हसले. त्यानंतर मी काहीही केलं तरी हशा! पूर आला, हशा. झाडू आला, हशा. मी गोंधळूनच गेले.

आई उठली. सिनेमा संपायचा होता तरी उठली आणि माझ्या शेजारच्या दारापाशी आली. तिथं मामा तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं.

"पालीला खिसा कोण शिवतं गं, ताई?" तो म्हणाला. "माझ्या सिनेमाचं हसं केलंस."

आई खाली मान घालून दारातून निघून गेली, आणि तिच्यामागून मामाही गेला. ते दोघं अजून थोडं थांबले असते तर! सिनेमा संपल्यावर लोक खुर्च्यांवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी तीच पोरं आपल्या मित्रांना घेऊन पुन्हा आली होती. पण हे बघायला दोघांपैकी एकही जण तिथं नव्हता.

सिनेमा लवकरच उतरला. आईनं मला घरी आणलं आणि दुकानाच्या कोपऱ्यात खुंटीला टांगलं, पोट भिंतीकडे करून. मग मला जे दिसलं त्यानं माझं फोमचं काळीजसुद्धा तुटलं. आईनं खिसे शिवायचे सोडले. एप्रनलाही नाही! गिऱ्हाईक विचारायचं, "ताई, खिसा?" आणि ती मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "आता नाही शिवत." मामा यायचा, चहा घ्यायचा, मुलाबाळांचं बोलायचा. भांडण असं काही नव्हतं, पण सिनेमाचा विषय दोघांपैकी कोणीच काढत नसे, आणि तो नेहमी माझ्याकडे पाठ करून बसायचा.

पुढे थिएटरच्या मालकानं मला मागून नेलं. काही वर्षं मी दारात उभी राहून लोकांना आत बोलावलं. एका दुकानापुढे टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी नाचलेसुद्धा. मग माझा रंग उडाला, गुडघे फाटले, आणि माझी रवानगी पडद्यामागच्या अडगळीच्या खोलीत झाली. मोडक्या खुर्च्यांच्या ढिगाखाली मी पडून राहिले. उंदरांनी माझा डावा गुडघा पळवला. आणि सांगू का, खऱ्या पालींनी माझ्या खिशात अंडी घातली! पिल्लं बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि त्यांनी भिंतीवर धूम ठोकली. इतकी वर्षं झाल्यावर कोणीतरी मला घाबरलं, म्हणून मी खूश झाले.

एक दिवस खोलीचं दार करकरलं. थिएटरच्या जुन्या दरवानाबरोबर एक बाई आत आली. दातांची डॉक्टर होती ती, तिचं हसणं आधी ऐकू आलं आणि ती नंतर दिसली. खुर्च्या बाजूला करता करता तिला माझं शेपूट सापडलं. शेपटावरून ती पोटापर्यंत आली आणि ओरडली, "अगं बाई! ही तीच! रुमालवाली!" आणि तिनं मला घट्ट मिठी मारली. धुळीनं तिला शिंकांवर शिंका येत होत्या तरी सोडेना. मग तिनं माझा जबडा उघडून बघितला. "एकही दात किडलेला नाही!" म्हणाली.

दरवान तिच्याकडे बघतच राहिला. "बाई, या भंगारात काय आहे एवढं?"

"काका, लहानपणी मी पालीला इतकी भ्यायचे की रात्री दिवा मालवू द्यायचे नाही," डॉक्टरीण म्हणाली. "बाबांनी हा सिनेमा दाखवला. आधी मी डोळे झाकून बसले होते. मग हिनं घाम पुसला. म्हटलं, अरे, हिलाही उकडतं की! तेव्हापासून भीती संपली. अहो, चांगले सिनेमे शंभर येतात. पण ज्यात धरण थर्माकोलचं आहे हे दिसतंय आणि करणाऱ्यांनी जीव ओतलाय हेही दिसतंय, असा सिनेमा एखादाच. त्याच्यावर जीवच जडतो."

ती आणि तिचे मित्र दरवर्षी माझा सिनेमा बघत असत. आधी कोणाच्या तरी घरात, मग एका शाळेच्या सभागृहात. माणसं वाढत गेली, म्हणून यंदा तिनं हे थिएटर घेतलं होतं. मी उडालेच! मला कोणी बघत होतं? इतकी वर्षं?

दरवानानं सांगितलं की मला शिवणारी ताई अजून त्याच दुकानात आहे. डॉक्टरणीनं मला गाडीत कोंबलं. शेपूट खिडकीतून बाहेर राहिलं, आणि सिग्नलला मागच्या स्कूटरवाल्यानं भीतीनं हॉर्नवरून हातच काढला नाही. काय मजा आली!

आई आता म्हातारी झाली होती. जाड चष्मा, मशीन विजेवरचं, खोली तीच. मला पाहिलं आणि तिच्या हातातलं कापड खाली पडलं.

"ही अजून आहे?"

"आहे म्हणजे! शनिवारी संध्याकाळी सिनेमा लावतोय, मावशी. हिला तेवढी दुरुस्त करून द्या. आणि तुम्ही पण यायचं."

"मी नाही येणार," आई म्हणाली. "पण करून देते."

डॉक्टरणीला दवाखान्यात कोणीतरी तोंड उघडं टाकून बसल्याचं आठवलं आणि ती पळाली. आईनं मला टेबलावर घेतलं. उंदरांना शिव्या देत देत तिनं माझे गुडघे बांधले, शेपूट भरलं, चेन तेल लावून मोकळी केली. तिचे हात माझ्या अंगावरून फिरत होते आणि मी सुखानं डोलत होते. मग तिनं मला उताणं केलं. हात खिशापाशी थांबला.

"तेवढं मिटवलं की झालं," ती पुटपुटली. आणि तिनं जाड दोरा ओवला.

अगं आई, नको! मला ओरडायचं होतं, पण कपाट ओढायला कोण होतं तिथं? टाक्यामागून टाका घालत तिनं माझ्या खिशाचं तोंड शिवून टाकलं. तिचे टाके तुम्हाला माहीत नाहीत, मित्रांनो. ते सुटत नाहीत.

शनिवारी सकाळी डॉक्टरीण आली. माझे गुडघे बघून नाचली, पोट बघून दगडासारखी झाली. "मावशी... खिसा?"

"चूक होती ती. मिटवली. आता कोणी हसणार नाही," आई म्हणाली.

डॉक्टरीण आईचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "मावशी, माझा एक हट्ट आहे. फक्त या. दाराजवळच्या खुर्चीत बसा. नको वाटलं तर उठून जा, मी अडवणार नाही." दातांच्या डॉक्टरला नाही म्हणणं सोपं नसतं. आई कशीबशी हो म्हणाली.

मला पुन्हा पडद्याशेजारी उभं केलं. थिएटर असं भरलं होतं की लोक पायऱ्यांवर बसले होते. आई आली आणि दाराजवळ बसली. थोड्या वेळानं काठी टेकत आला तो मामा! डॉक्टरणीनं त्यालाही गाठलं होतं. बहिणीला बघून तो चपापला आणि मधे एक खुर्ची सोडून बसला. दोघं समोर बघत राहिले.

सिनेमा सुरू झाला आणि काय तो जल्लोष! मोरीतून माझं डोकं निघालं, शिट्ट्या! हसणाऱ्या काकू पळत आल्या, "काकू, घाबरा!" म्हणून सगळे ओरडले. मांजर आली तेव्हा तर लोकांनी तिच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मला हर्षवायूच व्हायचा बाकी होता. पण आईचा चेहरा बघितला आणि धस्स झालं. तिला पहिल्या दिवसाचंच हसणं ऐकू येत होतं. तिनं पिशवी छातीशी धरली होती. मामाची नजर जमिनीवर होती.

मी धरणावर चढले. थिएटर एकदम गप्प झालं. आई उठली आणि दाराकडे निघाली. आणि तेवढ्यात सगळं थिएटर उभं राहिलं. शेकडो खुर्च्या एकदम वाजल्या, म्हणून तिनं वळून पाहिलं.

पडद्यावर मी पंजा खाली घेतला. इकडे शेकडो हात खाली आले. मी रुमाल काढला, शेकडो रुमाल निघाले. पांढरे, लाल, ठिपक्यांचे! आजोबा, बाया, कडेवरची पोरं, सगळ्यांनी माझ्याबरोबर कपाळ पुसलं, माझ्याबरोबर घडी घातली, माझ्याबरोबर रुमाल खिशात ठेवला, आणि हात वर करून अशी डरकाळी फोडली की थिएटरच्या काचा हादरल्या.

आई दारात खिळून उभी होती. तिच्याजवळच पायरीवर एक टक्कल पडलेला गृहस्थ होता. त्याच्या सदऱ्याला पोटाच्या उजव्या बाजूला एक खिसा होता, वेड्यावाकड्या टाक्यांचा. तिच्या मागच्या बाईलाही तिथंच. त्या रांगेतल्या सगळ्यांना तिथंच! आईनं न राहवून त्या गृहस्थाच्या खिशाला हात लावला.

"हा कोणी शिवला हो?"

"मीच. दरवर्षी नव्या सदऱ्याला शिवतो," तो अभिमानानं म्हणाला.

"पण कशाला?"

"कशाला म्हणजे काय, आजी? पालीला आहे ना!"

आईनं त्याच्या खिशाचा कोपरा चिमटीत धरला आणि म्हणाली, "टाका सैल आहे. हा उसवेल." आणि तिला रडू फुटलं. हसत हसत रडत होती ती, मला स्पष्ट दिसत होतं!

मामा उभा राहिला होता. सगळं थिएटर खाली बसलं तरी तो एकटा उभा. त्यानं सगळे खिसे चाचपले आणि मग बहिणीकडे बघितलं.

"ताई," तो म्हणाला, "रुमाल आहे का गं?"

तिनं दिला. त्यानं कपाळ पुसलं, सगळ्यांच्या नंतर, एकट्यानं. कोणीतरी ओळखलं असावं, कारण मागून टाळ्या सुरू झाल्या आणि त्या थांबेचनात. पडद्यावर महापूर येत होता आणि त्याच्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं.

दिवे लागले. लोक माझ्याभोवती जमले, आणि एकजण म्हणाला, "अहो, खिसा बंद कसा काय?" आई पुढे आली. तिनं पिशवीतून छोटी कात्री काढली आणि माझ्यापुढे गुडघे टेकले. पण तिचेच टाके ते, निघतात होय! मामा काठी टाकून शेजारी बसला आणि त्यानं कापड ताणून धरलं.

"ताई, तेव्हा मी शेवटपर्यंत थांबायला हवं होतं," तो हळूच म्हणाला.

"धर नीट," आई म्हणाली. "आणि बोटं मधे आणू नकोस."

एक एक टाका तुटत गेला. शेवटचा तुटला तेव्हा मला गुदगुल्या झाल्या आणि लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं.

आता मी थिएटरच्या दारातच असते. येणारेजाणारे माझ्या खिशात हात घालून बघतात. कृपा करून त्यात च्युइंगगम ठेवू नका, ते निघत नाही. माझे गुडघे फाटले तर शिवा, डोळा निखळला तर बसवा, पण मला सुधारायला जाऊ नका.

आणि एक विनंती, मित्रांनो. कोणी तुमच्यासाठी मन लावून काहीतरी वेडंवाकडं करील आणि तुम्हाला खूप हसू येईल. हसा, पोट दुखेपर्यंत हसा! पण हसून झालं की पळत जा आणि ज्यानं ते केलं त्याला सांगा, की आम्हाला हे फार आवडलं. माझ्या आईला हे कळायला तिचे केस पांढरे व्हावे लागले. तुम्ही त्याच दिवशी सांगा, ते करणारं माणूस दारातून बाहेर पडायच्या आत.